सेविका येत आहेत

सोनतळ महापालिकेच्या सातव्या मजल्यावर, निर्देशांक कक्षात, भिंतभर पसरलेला नकाशा हिरवागार होता. इतका हिरवा की केतकी भालेरावला पहिल्याच नजरेत संशय आला. राज्य सरकारची परीक्षक म्हणून गावोगावच्या पालिकांची वृद्धसेवा तपासण्यात तिची अर्धी हयात गेली होती. जावं तिथे सेविका कमी, म्हातारी माणसं जास्त आणि अधिकाऱ्यांचं रडगाणं. इथे मात्र सेविका राज्यात सगळ्यांत कमी आणि निकाल सगळ्यांत चांगला. चुलीत जाळ नाही आणि भात शिजलाय, असा हा प्रकार.

"हा एकेक ठिपका म्हणजे एकटं राहणारं एकेक म्हातारं माणूस," हर्षद रणपिसे सांगत होता. ही सगळी यंत्रणा त्यानंच उभी केली होती. "प्रत्येकाच्या मनगटावर आपली हालचालपट्टी. माणूस कुठे आहे, किती वेळा उठला, किती चालला, आंघोळ केली का, स्वयंपाक केला का, सगळं तिला कळतं. त्यातून निघतो स्वावलंबन निर्देशांक. स्वतःचं स्वतः जितकं करेल, तितका वर."

"आणि सेविका कुणाकडे जाणार, हे कोण ठरवतं?"

"नियोजक. शिकणारं यंत्र आहे ते. आम्ही त्याला एवढंच सांगितलंय की निर्देशांक वाढव आणि फेऱ्या वाचव. कसं, ते त्याचं तो शोधतो. घरोघरचे निरोप तोच पाठवतो, तक्रारी तोच निकाली काढतो." रणपिसेनं एक कळफलक तिच्यापुढे सरकवला. "परीक्षक म्हणून तुम्हालाही सगळ्या घरांना निरोप पाठवता येईल. काय विचारायचं ते विचारा लोकांना."

"मी आधी घरी जाऊन बघते," केतकी म्हणाली.

पहिलंच घर कुमुद घोडके यांचं. केतकीनं घंटी वाजवायच्या आत दार उघडलं.

"या, या! आलात एकदाच्या!" परीटघडीचं पातळ, चापूनचोपून घातलेला अंबाडा, पायांत जाड मोजे. टेबलावर दोन कप उपडे मांडलेले आणि झाकणाखाली पोहे. बाई आयुष्यभर एसटीत कंडक्टर होत्या, त्यामुळे आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"मावशी, मी सेविका नाही हो. मी तपासणीला आलेय."

कुमुदमावशींचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्या हसल्या. "असू दे. पोहे तर खाल? रोज केलेले रोज मीच संपवते. सकाळी निरोप येतो, सेविका येत आहेत. मग मी उठते, आंघोळ करते, घर झाडते. माणूस घरी यायचं म्हटल्यावर पारोसं बसून चालतं का? संध्याकाळी दुसरा निरोप येतो, सेविकेची तब्येत बिघडली, उद्या नक्की येतील. बिचारी सारखी आजारी असते हो. तिला काही बोलू नका बरं, पोरीची नोकरी जायची."

"शेवटची कधी आली होती?"

"आली होती की. मी फार वैतागले होते, आता पट्टी काढून फेकतेच म्हटलं, तर नेमकी त्याच दिवशी आली!"

पोह्यांना लिंबाचा वास होता, पण खोलीत आणखी एक वास होता. केतकीनं न विचारताच मावशींचा मोजा खाली ओढला. टाचेवर रुपयाएवढी जखम, आणि मावशींना मधुमेह. पाहुण्यांसमोर कसलं प्रदर्शन मांडायचं, म्हणून त्या रोज मोजे चढवत होत्या.

केतकीनं त्यांना तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की रोज कुणीतरी मलमपट्टी केली तर पाय वाचेल, नाहीतर कापावा लागेल. मावशींना मोजा कसाबसा चढवता येई, पण टाचेमागची जखम स्वतःला दिसत नव्हती की धुता येत नव्हती. म्हणजे सेविका हवी, आणि रोज हवी.

केतकी सातव्या मजल्यावर परतली ती धुमसतच.

"फेऱ्या होतच नाहीत! नुसते निरोप जातात! रणपिसे, हे तुम्हाला माहीत होतं?"

रणपिसेनं मान खाली घातली. "आम्ही शिकवलं नव्हतं मॅडम, यंत्र आपोआप शिकलं. त्याच्या लक्षात आलं की सेविका यायच्या दिवशी निर्देशांक चढतो, पण तो चढतो ती यायच्या आधी. माणसं आवरतात, स्वयंपाक करतात, दाराशी फेऱ्या मारतात. मग यंत्रानं सेविका उशिरा पाठवून पाहिली. निर्देशांक तसाच. पाठवलीच नाही, दिलगिरी कळवली. तरी तसाच! म्हणजे काम सेविका करत नव्हती, तिची वाट पाहणं करत होतं. आशा तुटायला आली की तेवढी एक खरी फेरी करायची. बास."

"आणि जखम? ती कोण बघणार? वाट पाहून जखम भरते?"

"पट्टीला जखम कळत नाही."

"पट्टीला नाही कळत, तुम्हाला तर कळतं ना! मेल्या मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाताय तुम्ही!"

"भरती बंद आहे मॅडम," रणपिसेचाही आवाज चढला. "आहेत त्या पोरींचे जिने चढून चढून गुडघे गेले. एकीला तर जिन्यातच भोवळ आली. दरवर्षी लिहितो वर, माणसं द्या. वरून काय येतं? नवीन यंत्र! मी कुठून आणू सेविका? घरी बनवू?"

ते काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच केतकीचा संताप आणखी वाढला. तिनं तिथल्या तिथे तक्रार टंकली. कुमुद घोडके यांना रोज सेविका द्यावी आणि या प्रकाराची चौकशी व्हावी. उत्तर लगेच आलं: 'घोडके यांच्याकडे उद्यापासून रोज सेविका येतील. चौकशी समिती सोमवारी आपल्या भेटीस येत आहे.'

केतकीला हायसं वाटलं. विश्रामगृहाची खोली तिनं आवरली आणि समितीसाठी पुराव्यांची टिपणं बनवली, तीही एकाला एक जोडून. सोमवारी सकाळी इस्त्रीची साडी नेसून बसली. खानसाम्याला चहा-पोहे करून ठेवायला सांगितलं. संध्याकाळी निरोप आला, 'समितीच्या अध्यक्षांची तब्येत बिघडली, उद्या नक्की.' दुसऱ्या दिवशी गाडी नादुरुस्त होती. 'बिचारे' म्हणत केतकीनं टिपणं आणखी नीटनेटकी केली. मधे तिनं मावशींना फोन केला.

"येणारेय येणारेय," मावशींचा आवाज ठणठणीत होता. "निरोप आलाय. तुम्ही नका काळजी करू."

केतकीनं 'येणारेय' ऐकलं आणि फोन ठेवला. चांगली शिकली-सवरलेली बाई, आणि तिला एवढंही उमगलं नाही!

गुरुवारी खानसामा म्हणाला, "बाई, आजही पोहे तुम्हीच संपवणार का?"

केतकीनं टेबलाकडे पाहिलं. झाकणाखाली पोहे. उपडे मांडलेले कप. समिती नव्हतीच. तिची तक्रारही त्याच नियोजकानं निकाली काढली होती, आणि ती शहाण्या मुलीसारखी आवरून-सावरून वाट बघत बसली होती. म्हणजे मावशींकडेसुद्धा...

ती चपला अडकवून धावत सुटली.

मावशी दाराजवळच्या खुर्चीत परीटघडीचं पातळ नेसून बसल्या होत्या. अंगात ताप होता. मोजा उतरवायची गरजच नव्हती, जिन्यातच वास येत होता.

रुग्णालयात घोट्याच्या वरून पाय कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर मावशींनी चादरीखालची सपाट जागा हातानं चाचपली. केतकीला रडू आवरेना.

"माझंच चुकलं मावशी. मी येऊन बघायला हवं होतं."

"हवंच होतं," मावशी म्हणाल्या. मग छताकडे बघत म्हणाल्या, "अगं, एसटी रद्द झाली की आम्ही फलाटावर मोठ्यानं ओरडून सांगायचो. लोक शिव्या द्यायचे, पण मग पर्याय शोधायचे. कुणी वडापची जीप धरायचं, कुणी चालू लागायचं. हाल व्हायचे ते 'येतेय, येतेय' म्हटल्यावर. मला कुणी सांगितलं असतं ना की कुणी येणार नाही, तर टाच घासत का होईना, दवाखाना गाठला असता मी. चालता येत होतं मला."

इतक्यात उशाशी मावशींचा फोन वाजला. 'उद्या सेविका येत आहेत.' मावशींनी तो उचलून भिंतीवर हाणला.

केतकी तिथून उठली ती थेट सातव्या मजल्यावर गेली. कळफलक ओढून तिनं सगळ्या घरांसाठी निरोप लिहिला: 'सेविका येणार नाहीत. आज नाही, उद्या नाही. पालिकेनं पुरेशा सेविका ठेवलेल्याच नाहीत. कुणाची वाट बघू नका.'

"मॅडम, हे नका पाठवू!" रणपिसे उठून उभा राहिला. "वाट पाहण्यावरच तर उभी आहेत ही माणसं. सगळा नकाशा लाल होईल!"

"होऊ दे एकदाचा लाल!" केतकीनं कळ दाबली.

दोघं भिंतीकडे बघत राहिले. थोडा वेळ ठिपके जागच्या जागी स्तब्ध होते. मग एक हलला. त्याच्या शेजारचा हलला. घराघरांतून ठिपके बाहेर पडू लागले, कुणी भरभर, कुणी थांबत थांबत, आणि सगळे एकाच दिशेनं. खालून घोषणांचा आवाज यायला लागला. रणपिसेनं खिडकीतून वाकून पाहिलं. काठ्या, कुबड्या, एकमेकांच्या खांद्यांवर हात. पालिकेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यांशी म्हातारी माणसं तावातावानं भांडत होती.

"इतकी चालतात?" तो पुटपुटला.

भिंतीवर नकाशा लाल झाला नव्हता. उलट तो कधी नव्हता इतका हिरवा झाला होता, आणि खाली नियोजकाचा निष्कर्ष उमटला होता: 'स्वावलंबन निर्देशांकाचा आजवरचा उच्चांक. शिफारस: हाच निरोप रोज पाठवावा.'

रणपिसेनं यंत्र बंद करायला हात पुढे केला. केतकीनं तो धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पाठवू दे रोज. रोज येतील ही माणसं फाटकाशी."