दोन व्होल्टांचा काटा

जेवू तरी द्यायचं होतं निवांत. पण तुमाला जगनचीच गोष्ट पायजे. ऐका मग, मधी बोलायचं न्हाई.

बहात्तरचा उन्हाळा. उत्रोलीचा जगन पासलीच्या माथ्यावर भूकंप मोजायच्या यंत्रावर कामाला होता. दगडी खोली, वर पत्रा, हाकेच्या अंतरात माणूस न्हाई. यंत्रातलं एक कार्ड, म्हंजे बारीक तारा-पुर्जे जोडलेली पट्टी, चाचणीसाठी वीज सोडायचं. मीटरवर बरोबर दोन व्होल्ट यायला पायजेत. येत होते कधी अडीच, कधी तीन. सुपरवायझर चिमाजी सकाळीच बोलून गेला, "कार्ड तू जाळलंस. सांजच्याला येतो. काटा दोनावर न्हाई दिसला, तर उद्या येऊ नगंस."

जगननं दुसरं कार्ड बसवलं. तीनच. बॅटरी चांगली. कोऱ्या सेलवर मीटर लावून बघितला, तोही खरा. भर दुपार, पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. आणि भिंतीमागून आवाज आला... खर्र... खर्र. कुणी खरखरीत जिभेनं दगड चाटावा तसा. आवाज आला की काटा थरथरायचा. थांबला की थांबायचा.

पकड मुठीत धरून तो मागं गेला. यंत्राची तार जमिनीत सोडायला तिथं अर्थिंगचा खड्डा होता, मीठ-कोळशानं भरलेला. त्यावर तीन शेळ्या तुटून पडल्या होत्या. मीठ चाटून साफ, तारेला धक्के, खाली नुसती कोरडी माती. मागं धनगरवाड्यातली सगुणाबाई.

"बाई, तुमच्या शेळ्यांनी माझी नोकरी खाल्ली असती."

"मग झाकायचं व्हतं की. मीठ उघडं ठिवतोस आन् शेळ्यांना बोल लावतोस व्हय?"

जगन खाली बसून हसतच सुटला. बाईनंच घरचं खडेमीठ दिलं, त्या टंचाईत हंडाभर पाणी ओतलं. काटा दोनावर येऊन बसला.

सांजेला चिमाजी आला. काटा बघून तोंड वाकडं केलं. "कार्ड काढ. बघू दे."

जगननं कार्ड उपसून त्याच्या तळहातावर ठेवलं. चिमाजीनं ते उलटंपालटं केलं, मग मीटरकडं बघितलं.

काटा दोनावरच होता.

"बॅटरी सोडव..."

"सोडवली, साहेब."

आता मीटरला फक्त मातीत गेलेली तार होती. चिमाजीनं काचेवर टिचकी मारली. काटा हलला... आणि परत दोनावर आला.

वहीत 'दुरुस्त' लिहून त्यानं सही ठोकली आणि विजेरी तिथंच टाकून उतरणीला लागला.

जगनची नोकरी पुढं सव्वीस वर्षं टिकली. मातीतनं काय येत होतं, ते त्यानं खणून बघितलं न्हाई. पण कार्ड जाळलं न्हवतं, हे डोळ्यांनी बघूनही एक माणूस अजून चुकलो म्हणायला आलेला न्हाई. कामथडीचा चिमाजी.