पुढची डिस्क, मागचे ड्रम

"तुझ्या दारुड्यानं माझी बहीण मारली!"

सुरगाण्याच्या पोलीस ठाण्यासमोर कुसाबाई चिमणाबाईच्या अंगावर धावून गेली. प्लास्टरमधला हातही तिनं उगारला होता. शिपाई मधे पडले. चिमणाबाई जागची हलली नाही.

"माझा नवरा पीत नव्हता," ती म्हणाली. तिचं कोण ऐकणार?

द्राक्षबागांची कामं आटोपून मजूर जीपनं गावी परतत होते. घाटाच्या उतारावर जीप दरीत गेली. चालक देवराम, चिमणाबाईचा नवरा, आणि कुसाबाईच्या बहिणीसह दोन बायका जागीच गेल्या. देवराम प्यायला होता, असं जीपमालक धनराजनं गावभर केलं होतं.

नाशिकहून आलेली मोटार वाहन निरीक्षक पल्लवी गावित याच डोंगरातली. असल्या जीपला लटकून ती शाळेत गेली होती. तिचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं.

"कुसाबाई, देवरामच्या तोंडाला वास येत होता?"

"मी मागं बसले होते. मला जळल्याचा वास आला. मागच्या चाकातून."

"तो काही बोलला?"

"पाय दाबून दाबून ओरडत होता. 'उड्या टाका,' म्हणाला."

पल्लवी आवारातल्या चेंदामेंदा झालेल्या जीपपाशी गेली. मागचे ड्रम उघडले. आतले लायनर, ब्रेकच्या घासपट्ट्या, जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ड्रम निळे पडले होते. पुढच्या दोन्ही डिस्कवर मात्र जाड, खपलीदार गंज. मग तिनं पुढच्या दोन्ही ब्रेकांकडे ऑइल नेणारी नळी सोडवली. नळीच्या तोंडातून बेअरिंगची गोळी घरंगळली. ती तिनं खिशात टाकली. कुणाला काही सांगितलं नाही.

आधी तिनं गॅरेजवाल्या गोटीरामला ठाण्याच्या खोलीत बोलावलं.

"ब्रेकचं काम तू केलंस?"

"नाय मॅडम. पुढून ऑइल गळत होतं. नवं सामान टाका म्हटलं, तर मालक गाडी घेऊन गेले. परत आलेच नाय."

धनराज शेजारीच होता. "खोटं बोलतोय! काम यानंच केलं. मला तर पाना कसा धरायचा तेही माहीत नाही."

"ब्रेक चांगले नव्हते," पल्लवी म्हणाली.

"हॅ! पुढचे बंद असले म्हणून काय झालं? मागचे ड्रम होते ना! त्याच्यावर गाडी थांबतेच की."

पल्लवी त्याच्याकडे वळली.

"गोटीराम फक्त गळती म्हणाला. पुढचे बंद होते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

धनराजनं खिडकीतून जीपकडे बोट केलं. "ते... गंज दिसतोय ना. दव पडलंय."

"दवाचा गंज बोटानं पुसला जातो. हा खरवडूनही निघत नाही. चालत्या गाडीचा ब्रेक एकदा जरी लागला, तरी डिस्क घासून चकचकीत होते. ही कित्येक दिवस घासलीच नाही." तिनं गोळी टेबलावर आपटली. "गळती थांबवायला तुम्ही नळीत ही कोंबलीत. पेडल कडक लागत होतं, म्हणून देवरामला कळलं नाही. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढं येतो, खरं काम पुढच्या चाकांचं. डिस्क उघडी असते, वाऱ्यावर निवते. ड्रम म्हणजे बंद डबा, उष्णता आतच कोंडते. सगळा घाट तुम्ही त्या दोन डब्यांवर सोडलात. ते तापले, आणि मग पेडलवर उभं राहूनही गाडी थांबेना!"

"गोळी गोटीरामनं घातली असेल..."

"मग तुम्हाला कसं ठाऊक? गाडी त्याच्याकडून तुम्ही नेलीत, आणि पुढचं बंद आहे हे तुम्हालाच माहीत होतं. वर मेलेल्या माणसाला दारुडा ठरवलंत!"

चिमणाबाई दारात येऊन उभी होती. "निघताना त्यानं फोन केला होता," ती म्हणाली. "मालकानं ब्रेक नवे केलेत, काळजी करू नको म्हणाला."

धनराजनं मान खाली घातली. "गाडी बंद ठेवून कसं चाललं असतं? हंगाम होता..."

फौजदारानं त्याची बखोट धरून त्याला कोठडीकडे नेलं.

कुसाबाई रडत पुढं आली. तिनं चिमणाबाईचा हात धरला. "बाई, मला काय माहीत..."

चिमणाबाईनं हात हिसडला.

"त्याच्या मातीला कुणी आलं नाय. माझ्या पोरांनी खांदा दिला, पोरांनी! आता धरतेस हात?"

आणि मागं वळून न बघता ती उन्हात चालू लागली.