खिळ्यावरचा नान

समरकंदच्या कर्करोग संस्थेत चहाची वेळ झाली की प्रयोगशाळेतलं काम आपोआप ढिलं पडायचं. तिथली सहायक लोबार सकाळी सियोब बाजारावरून येताना नान आणायची, जाडजूड, वरून तकतकीत आणि मधोमध ठसे उठवलेला. प्रयोगशाळेत खायला बंदी होती, म्हणून शेजारच्या लहान खोलीत रुमाल पसरून ती तो हाताने मोडायची. नानाला सुरी लावणं तिच्या हातून मेली तरी झालं नसतं. मधलं दार बंद असलं तरी वास काही कोणाचं ऐकत नाही. तो इनक्युबेटरच्या खोलीपर्यंत जायचा.

त्या इनक्युबेटरमध्ये संशोधक मुअत्तरच्या बाटल्या होत्या. तंबाखू, राख आणि चुना कालवून केलेली नसवायची हिरवी गोळी जन्मभर जिभेखाली धरणाऱ्यांच्या तोंडातल्या गाठींमधून काढून वाढवलेल्या पेशी त्यांत होत्या. नसवायने गाठ होते हे आता शेंबडं पोरही सांगेल. गाठीतल्या पेशी कोणती प्रथिनं बनवायला लागतात आणि किती, हे मुअत्तरला हवं होतं. पेशी फोडायच्या, प्रथिनं वेगळी करायची, फिल्मवर त्यांच्या काळ्या पट्ट्या उमटवायच्या. पट्टी जितकी गडद तितकं ते प्रथिन जास्त. काम किचकट, पण तिला त्यात भारी गोडी.

एका बाटलीत तिच्या थोरल्या भावाच्या, तिच्या अकाच्या, पेशी होत्या.

इल्योस बस चालवायचा. लष्करात असताना त्याला नसवायची सवय लागली आणि तेव्हापासून तो जीभ दाबूनच बोलायचा. जिभेला गाठ आली तेव्हाही त्याची थट्टा सुटली नव्हती. "लहानपणापासून म्हणतेस ना, 'अका, तोंड बंद कर' म्हणून? घे, तुकडाच घे तोंडाचा," असं मुअत्तरला म्हणत त्याने पेशी देण्याच्या संमतीपत्रावर सही केली होती. शस्त्रक्रियेनंतर तो शुद्धीवर आलाच नाही.

दवाखान्यात जायच्या सकाळी आईने त्याच्यापुढे ताजा नान धरला होता. लांब जाणारा माणूस एक घास चावतो, उरलेला नान घरात टांगून ठेवतात, आणि परत आला की तो त्यानेच संपवायचा. इल्योसने घास घेतला. त्याचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, त्याची खाच नानावर स्पष्ट उठली. त्याला पुरून वर्ष होत आलं, तरी नान स्वयंपाकघरात खिळ्यावर होता आणि वाळून दगड झाला होता.

"आई, आता उतरव तो," मुअत्तर म्हणायची.

"मला वेड लागलेलं नाही," आई म्हणायची. "पुरला त्याला, माझ्या डोळ्यांदेखत पुरला. पण घास उरलाय ना त्याचा? तो कुणी खायचा?"

वर्षश्राद्धासारखा जो जेवणाचा दिवस करायचा, त्याचं नावही आई काढू देत नव्हती. मुअत्तरला आईची काळजी वाटायची. मात्र स्वतः ती रोज सकाळी एक बाटली उजेडात धरून बघते, हे तिने आईला कधी सांगितलं नव्हतं.

वसंतात त्या बाटलीच्या फिल्मवर एक जास्तीची पट्टी दिसली. फिकट, पण होती. मुअत्तरने शोध घेतला तर ते अमायलेज निघालं, लाळेतलं, पिठाची साखर करणारं. ते लाळेच्या ग्रंथींचं काम. जिभेवरच्या पेशींचा त्याच्याशी काही संबंध नाही.

विभागप्रमुख हमराकूल दोमलांनी फिल्म खिडकीपाशी धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "लाळ आहे ही. बाटली उघडी ठेवून कोण बडबडतं?"

मुअत्तरचे कान तापले. ती बडबडायची खरीच. 'काय अका, वाढतोयस ना?' एवढंच, पण बडबडायची.

तिने मास्क लावला, ओठ शिवले. पट्टी आलीच. मग सगळं काम लोबारकडे दिलं, लोबार म्हणजे प्रयोगशाळेत चकार शब्द न काढणारी बाई. तरीही आली. बाकीच्या रोग्यांच्या बाटल्या त्याच कप्प्यात, त्याच हातांनी हाताळलेल्या, आणि स्वच्छ. गंमत म्हणजे पट्टी रोज नसायची. मुअत्तरला आता घासही गोड लागेना. काय असतं त्या दिवशी आणि काय नसतं?

लोबार तापाने घरी राहिली त्या आठवड्यात पट्टी नव्हती. ती परतली तशी पट्टीही परतली.

"म्हणजे माझा दोष?" लोबारने विचारलं.

"उद्या नान आणू नकोस," मुअत्तर म्हणाली. "परवा आण."

लोबारने तसं केलं. दुसऱ्या दिवसाच्या फिल्मवर ती जागा कोरी निघाली. तिसऱ्या दिवशी गडद पट्टी. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, नान झाकून पाहिला, शिळा आणून पाहिला. गरम नानाला पट्टी सर्वांत काळी.

"अगं बाई, तोंडाला पाणी सुटतंय त्यांच्या!" लोबार हसली, आणि मुअत्तरचा चेहरा बघून तिने नान रुमालात गुंडाळून ठेवला. त्या दिवशी नान कोणी खाल्ला नाही.

दोमलांना हे सांगण्यात अर्थ नव्हता, तरी मुअत्तरने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "भाऊ होता तुझा, मला कळतं," ते म्हणाले. "म्हणूनच सांगतो. खराब झालेल्या पेशी आहेत. शुक्रवारी ती बाटली नष्ट कर. नाहीतर मी करतो."

त्या संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"जिवंत आहेत?"

"पेशी, आई. तो नव्हे."

"तोंड तुझ्याकडे आणि घास माझ्याकडे," आई म्हणाली. "वर्षभर लेकरू उपाशी ठेवलं गं आपण दोघींनी. तूही आणि मीही."

तिने स्टुलावर चढून नान उतरवला आणि स्वच्छ कापडात बांधला. "पालथा ठेवू नकोस, अपमान होतो अन्नाचा," एवढंच बजावलं.

गुरुवारी सगळे गेल्यावर मुअत्तरने तो नान इनक्युबेटरसमोरच्या टेबलावर ठेवला, उताणा, कापडासकट. तिला फक्त पाहायचं होतं. तिने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली.

सकाळी कुलूप तसंच होतं. नानही तसाच होता, घासाची तीच खाच, तोच तुटका दात.

बाटलीतल्या पेशी मात्र सगळ्याच्या सगळ्या तळ सोडून वर तरंगत होत्या. मरताना पेशी आक्रसतात. या गोल होत्या, टचटचीत. नुसती पकड सोडून दिल्यासारख्या.

तिने शेवटची फिल्म काढली. अमायलेजची जागा कोरी होती.

दोमलांनी बाटलीकडे एक नजर टाकली. "सुटलीस," ते म्हणाले. मुअत्तरने ती स्वतःच्या हाताने नष्ट केली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

घरी आई दारातच उभी होती.

"काही नाही झालं, आई. तसाच आहे."

आईने तिच्या हातातला नान घेऊन टेबलावर कापड सोडलं. कापडाला आतून ओल होती. मुअत्तरला वाटलं, खोलीतला दमटपणा असेल.

आईने खाचेपाशी बोट लावलं. वर्षभराचा वाळलेला नान कडकन मोडायला हवा होता.

तो मऊ निघाला. तिथेच, तेवढाच.

"आई, खाऊ नकोस!"

आईने तुकडा तोंडात टाकला होता. तिने डोळे मिटून घेतले. मग तिच्या गालांवरून पाणी ओघळलं, पण ती हसत होती.

"गोड आहे," ती म्हणाली. "आता जेवणाचा दिवस ठरवू."

मुअत्तरला शाळा आठवली. नान खूप वेळ चावला की गोड लागतो, लाळेने पिठाची साखर होते, असं बाईंनी सांगितलं होतं. इल्योसने एकच घास पूर्ण तासभर चावला होता आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत तिला सांगितलं होतं. चावल्याशिवाय नान गोड होत नाही.

प्रयोगशाळेत राहिलेलं काही खायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने खाचेच्या कडेचा एक कण जिभेवर ठेवला.

गोड होता. आणि मग जिभेखाली, जिथे तिने जन्मात कधी काही ठेवलं नव्हतं तिथे, नसवायचा चुना चुरचुरायला लागला.