मनांग फेलीची हाक

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं मानावं. पण रोसेंडाने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या हातात जपमाळ होती, आणि जपमाळ धरून ती खोटं बोलत नाही.

इलोइलो शहर. हारो भागातली छोटीशी खासगी मॉन्टेसरी शाळा. गेल्या उन्हाळ्यातली टळटळीत दुपार.

शाळा मनांग फेलीची, म्हणजे फेलीताईची. पोटी मूल नसलेल्या या बाईने रोसेंडाला लेकीसारखं शिकवून तयार केलं. शेवटच्या आजारपणात रोसेंडाने हाडाची काडं करून तिची सेवा केली.

"तुझ्या डुल्सेला मी वरूनही जपेन गं," म्हणत मनांगने डोळे मिटले.

शाळेतल्याच तिच्या खोलीला कुलूप लागलं. शाळा रोसेंडा चालवू लागली. तिची चिमुरडी डुल्से तिथेच शिकत होती.

त्या दुपारी वीज गेली. पंखे थांबले.

रोसेंडाने मनांगचा आवडता खेळ मांडला. शांततेचा. मुलांनी डोळे मिटून बसायचं. बाईंनी पलीकडच्या खोलीतून कुजबुजत एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव येईल, त्याने पाऊल न वाजवता उठून जायचं.

"बेंजी, तुझं पोट गुरगुरतंय रे!"

"माझं नाही, टीचर. डुल्सेचं!"

खसखस पिकली. मग सगळे चिडीचूप.

रोसेंडा पलीकडे गेली. "बेंजी..."

कोणी आलं नाही.

"क्लारिता..."

कोणी नाही.

झोपली की काय कार्टी? तिने डोकावून पाहिलं...

चटया रिकाम्या.

एकटी डुल्से बसलेली. डोळे मिटून.

समोर मनांगच्या खोलीचं दार सताड उघडं. कडीला कुलूप लटकत होतं... बंदच.

आतून गुडघ्यांना चोळायच्या तेलाचा वास आला.

सगळी मुलं वेताच्या रिकाम्या खुर्चीपुढे ओळीने बसली होती. हसऱ्या चेहऱ्यांनी.

आणि खुर्चीतून कुजबुज आली...

"डुल्से..."

पोर उठली. रोसेंडाने धावत जाऊन तिला कवटाळलं.

"सोड ना, आई! माझं नाव आलं!"

"कोण... कोण बोलावतंय?"

"मनांग. तू स्वयंपाकघरात गेलीस की रोज सगळ्यांना बोलावते. मला म्हणाली, तुझं नाव शेवटी. मग तुला माझ्याबरोबर नेईन."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुला सांगायचं नाही म्हणाली."

आतून बेंजीने ओठांवर बोट ठेवलं. "सांगितलंस ना, डुल्से! चुगलखोर!"

 रोसेंडा खुर्चीकडे बघून ओरडली, "मनांग, तुझं हगणंमुतणं काढलं मी या हातांनी! आणि तू केसाने माझा गळा कापलास?"



मुलं गुपचूप बाहेर आली. घरी गेली, जेवली, झोपली. कुणाला काही झालं नाही.

रोसेंडाने शाळा बंद केली. पालकांनी तिलाच वेड्यात काढलं. आता ती समुद्रापलीकडे गिमारास बेटावर, बहिणीकडे राहते. यंदा मृतांच्या दिवशी तिने मनांगच्या थडग्यावर मेणबत्तीही लावली नाही.

मनांगसारख्या माउलीने असं का करावं? मला आजही सांगता येत नाही.

डुल्से हसतखेळत असते. पण दुपार झाली, की चटई अंथरून डोळे मिटून बसते.

परवा रोसेंडाने दारातून हळूच हाक मारली, "डुल्से..."

पोरीने डोळे उघडले नाहीत. नुसती मान हलवली.

"तू नाही, आई."