खाप्याच्या फाट्यावरचा बाण

"आली! ताई आली!" गोपिका पाण्याचा तांब्या घेऊन धावली आणि मध्येच थबकली. पुष्पलताताई येत होती खरी, पण भलत्याच बाजूने!

पलटणीची लांब पल्ल्याची कूच होती ती. पाठीवर ओझं घेऊन पहिल्या दिवशी नागपूरहून खाप्याला पोचायचं, दुसऱ्या दिवशी परत. चौघांची तुकडी, चौघांनी सोबतच चालायचं. त्या वर्षी जवानांबरोबर नागरिकांनाही परवानगी होती, आणि त्यांत मुलींची तुकडी एकच. गोपिकाची थोरली बहीण पुष्पलता आणि तिच्या कॉलेजातल्या एनसीसीच्या तीन मैत्रिणी! नाताळच्या सुट्टीत नागपूरच्या प्रताप नगरहून काकांकडे आलेली गोपिका आणि तिची खाप्याची चुलत भावंडं, चंद्रभान आणि धाकटी प्रेमिला, सकाळपासून कन्हानकाठच्या तळावर वाट बघत होती. बाकी सगळ्या तुकड्या रस्त्याने आल्या. या चौघी मात्र नदीच्या अंगाने, रेती तुडवत आल्या, सगळ्यांत शेवटी.

कूच समितीचे चिटणीस बाबाराव कमरेवर हात ठेवून उभे होते.

"तपासणी नाक्यावरून तुम्ही गेल्याच नाही! कोणाच्या बैलगाडीत बसल्या होत्या?"

"आम्ही पायीच आलो," ताई म्हणाली. "बाकीच्या तुकड्या आधीच पुढे गेल्या होत्या. फाट्यावरच्या पाटीचा बाण डावीकडे होता. पुढे रस्ता नदीतच संपला. मग काठाकाठाने आलो. उलट जास्तच चाललो!"

बाबारावांची नजर क्षणभर मागे उभ्या असलेल्या त्यांच्या जीपकडे गेली. मग आणखी मोठ्याने म्हणाले, "बाण मी स्वतः काल लावला, उजवीकडे! गावच्या टवाळ पोरांनी फिरवला असेल, नाही तर तुम्हीच बहाणे करून राहिल्या. मी तर आज त्या फाट्याकडे फिरकलोसुद्धा नाही! तुमची तुकडी बाद. आणि पुढच्या वर्षीपासून मुली बंद!"

बाजूला उभ्या असलेल्या पलटणीच्या मेजरसाहेबांनी नुसती होकाराची मान हलवली. ताई खाली बसली. बूट काढला, तर मोजा रक्ताने पायाला चिकटलेला.

गोपिकाची कानशिलं तापली. "माही ताई खोटं नाही बोलत!"

"चल गं, बाजूला हो!" बाबाराव खेकसले.

"गावचे पोरं म्हणे!" चंद्रभान दात खात म्हणाला. "म्हणजे आमीच न! चाल वं गोपिका, फाट्यावर जाऊन पाहू!"

प्रेमिला सायकलच्या दांडीवर, गोपिका कॅरिअरवर, आणि चंद्रभानने अशी काही सायकल हाणली की रस्त्यावरच्या कोंबड्या बांधावर चढल्या!

फाट्यावर बाण अजून डावीकडेच होता. गोपिकाला वाटलं, एक लाथ मारून पाडावी ती पाटी! पण ती जवळ गेली आणि तिचा पाय तसाच राहिला.

"चंद्रभान, हे पाह्य! पाटीवर चाकाचे वळ!"

खरंच! बाणाच्या वर आडवातिडवा चिखल वाळला होता आणि त्यात टायरची नक्षी उमटली होती. पलीकडे संत्र्याच्या बागेचं पाणी फुटून रस्त्यावर आलं होतं. त्या चिखलात चाकांचे खोल खड्डे होते.

"गाडी फसली इथं," चंद्रभान हळूच म्हणाला. "चाकाखाली द्यायले पाटी उपटली, अन् घाईत उलटीच रोवली!"

"आई गं!" प्रेमिलाला चिखलात काहीतरी टोचलं. तिने ओढून काढलं. जीपच्या जॅकचा दांडा! लाल रंगाचा.

"पलटणीचे तर ट्रक आहेत. तळावर जीप कोणाची?" गोपिकाने विचारलं.

"एकाचीच!" चंद्रभान म्हणाला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आत्ताच त्याच्या तोंडावर फेकते!" गोपिकाने दांडा हिसकावून घेतला.

"फेकू नको वं," प्रेमिला म्हणाली. "फेकला तर म्हणतील, माहा नोहे. आपण देऊन टाकू. चांगलं हसून!"

पाटी उपटून, कॅरिअरला बांधून तिघं चालतच परतली. मंडपात चहा चालला होता. मेजरसाहेबांच्या शेजारीच बाबाराव बसले होते. प्रेमिला अगदी गोड चेहरा करून पुढे झाली.

"काका, हे तुमचं हरवलं का?"

"अरे वा! दुपारपासून शोधून राहिलो याले! शाबास बेटा! कुठं सापडला?"

"फाट्यावर. पाटीजवळच्या चिखलात."

बाबारावांचा कप हवेतच राहिला. "म्हणजे... कालच पडला असेल..."

"काल?" गोपिका पुढे सरसावली. "आत्ताच तर 'दुपारपासून' म्हणाले!"

"अन् हे वळ कोणाचे?" चंद्रभानने पाटी धाडकन टेबलाला टेकवली.

मेजरसाहेब उठले. पाटी उचलून जीपपाशी गेले, टायरला लावली. नक्षी नेमकी जुळली. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"साहेब, एवढीशी गोष्ट. घाईत लक्षात राहिलं नाही..." बाबाराव पुटपुटले.

"एवढीशी?" गोपिका ओरडली. "ताईनं 'डावीकडे' म्हटलं तेव्हाच तुमाले समजलं होतं! तरी तुमी तिलेच खोटं पाडलं!"



"मुलींनो, तुमची तुकडी कायम," मेजरसाहेब म्हणाले. "बाबाराव, माफी मागा."

"बरं, झालं चुकून."

पायाला पट्टी बांधलेली पुष्पलता लंगडत उभी राहिली. "बाण चुकून फिरला, ते मान्य. पण आम्हाला चुकून खोटारडं म्हटलं नाही तुम्ही. आणि ते सगळ्यांसमोर म्हटलं. आता परत घ्या, तेही सगळ्यांसमोर!"

मेजरसाहेबांनी कर्ण्याचा माईक बाबारावांपुढे धरला. साऱ्या तळाने ऐकलं, नदीपलीकडच्या गुराख्यांनीही ऐकलं.

"चूक माझीही आहे," मग मेजरसाहेब मुलांना म्हणाले. "आम्ही एवढे मोठे इथं चहा पीत बसलो. फाट्यापर्यंत जाऊन बघावं, हे एकालाही सुचलं नाही. शाबास तुमची! असे तिघं माझ्या पलटणीत हवेत!"

काका देवराव तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, "आमचीच पोरं हायेत बरं का ते!"

दुसऱ्या दिवशी उजाडताना तुकड्या निघाल्या. जवानांनी बाजूला होऊन चौघींना पुढे जायला वाट दिली. बाबाराव हसून हात हलवत होते. ताईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. गोपिका गावाच्या वेशीपर्यंत तिच्या बरोबरीने चालत गेली.

"ताई, पाय दुखते का?"

"खूप!" पुष्पलता म्हणाली, आणि तिने आणखी लांब पाऊल टाकलं.