मयताचा खण

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती इतकी वर्षं पोटात ठेवली नसती.

साल १९११. नोव्हेंबरची एकवीस तारीख, मंगळवार, दुपारचे दोन वाजलेले. गाव आमचंच, जटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळचं. घरही हेच, ज्यात मी आज राहतो.

ज्या बाईवर हे ओढवलं ती सिसेल, माझ्या वडिलांची आई. वडील तेव्हा पाच महिन्यांचे होते, पाळण्यात.

त्या दुपारी सिसेलची थोरली मुलगी एल्ना घराबाहेर गेली. शवपेटीतून. सात वर्षांची होती. घटसर्पाने चार दिवसांत तिचा घास घेतला.

आमचं घर अकरा खणांचं. ओकचे खांब, मधे फांद्या विणून मातीने लिंपलेला कूड, वर गवताचं छप्पर. त्या दुपारच्या दीडशे वर्षं आधी सुताराने आख्खा सांगाडा आधी अंगणात आडवा जुळवला, जोडाजोडावर पटाशीने खुणेच्या रेघा मारल्या आणि मग उभा केला. फक्त बैठकीच्या तिसऱ्या खणात त्याने तिरका टेकू घातला नाही. फांद्याही विणल्या नाहीत. नुसती माती भरली.

तो मयताचा खण.

घरातलं कुणी गेलं की तो फोडायचा, पेटी तिथून काढायची आणि पेटी चर्चला पोचायच्या आत माती भरून बुजवायचा. कारण मेलेलं माणूस गेलं त्याच वाटेने परत येतं. वाटच दिसली नाही तर ते मुकाट्याने माघारी जातं.

एल्नाचा बाप लॉरिट्स याने घाईघाईने ओली माती थापली आणि तो पेटीमागून चालू लागला. बाळाचं अंग कोमट लागत होतं, म्हणून सिसेलला घरीच ठेवलं.

ती त्या ओल्या भिंतीसमोर उभी राहिली.

शेवटच्या रात्री एल्नाने पाणी मागितलं होतं. चार रात्रींची जागरणं झालेली सिसेल खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. जाग आली तेव्हा पोर थंड पडलेली होती. ओठ कोरडे.

सिसेलला दुसरं काही नको होतं. एकदाच, फक्त एकदा लेकीला जवळ घेऊन घोटभर पाणी पाजायचं होतं.

तिने दोन्ही हातांनी माती उपसायला सुरुवात केली.

माती मऊ होती. घटकाभरात खण मोकळा झाला. बाहेर पांढरं धुकं आणि ओसाड शेत.

“एल्ना,” तिने हाक मारली. “ये बाळा. मी जागी आहे.”

आधी काहीच झालं नाही.

मग छपरातल्या चिमण्यांची चिवचिव थांबली...

मग गोठ्यातली गाय रवंथ करायची थांबली...

आणि धुक्यातून पावलं वाजली. टक्... टक्... टक्...

लाकडी बुटांची.

एल्नाच्या पायांत सिसेलने स्वतःच्या हाताने लोकरी मोजे चढवले होते. बूट नव्हतेच.

पावलं खणातून आत आली. दिसलं कुणीच नाही. जमिनीवर शिंपडलेली वाळू तेवढी दबत गेली आणि तिच्या खांद्याजवळून गारठा सरकला.

त्यामागून दुसरी पावलं आली. मग तिसरी, एक पाय ओढत येणारी...

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. या खणातून काय एकटी एल्नाच गेली होती? दीडशे वर्षांत घरातलं प्रत्येक मयत इथूनच गेलं होतं. आणि ते सगळे आता रांगेने आत येत होते. जो आधी गेला, तो आधी.

पळून जावं असं तिला वाटलंही नसेल. ती आत येणाऱ्यांना मोजत राहिली. एकोणीस, वीस, एकवीस...

बाविसाव्या पावलांबरोबर कोरडा खोकला ऐकू आला. तो तिने ओळखला. सासूबाई. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या.

सासूबाईंनंतर या घरात एकच जण गेलं होतं.

सिसेल गुडघ्यांवर बसली. धुक्यातून हलकी, मऊ पावलं येत होती... मोज्यांतली.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. लॉरिट्स परतला होता. त्याला फुटलेला खण दिसला आणि दुसरंही काहीतरी दिसलं, जे सिसेलने मागे वळून पाहिलंच नव्हतं.

शेगडीजवळचा पाळणा जागेवर नव्हता. तो आपोआप डुलत, वीत वीत सरकत, खणापासून दोन हातांवर येऊन पोचला होता. बाळ रडत नव्हतं. त्याचे ओठ निळे पडले होते.

लॉरिट्सने बाळ उचलून सदऱ्याच्या आत छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने माती भरायला घेतली.

“थांब,” सिसेल त्याच्या हाताला लोंबकळली. “लॉरिट्स, तुझ्या पाया पडते. ती दारात आलीय. आता तिचीच पाळी आहे.”

“कुणी नाहीये बाहेर.”

“तुला ऐकू येत नाही?”

“नाही,” तो म्हणाला आणि भरत राहिला.

शेवटचा गोळा थापला तसं बाळ रडलं. आत आलेल्यांचं पुढे काय झालं, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

सिसेल त्यानंतर छत्तीस वर्षं जगली. लॉरिट्सला तिने कधी माफ केलं नाही. शेवटी इस्पितळात ती एकच गोष्ट मागत होती: मला मरायला घरी न्या. म्हणजे तो खण पुन्हा फुटला असता. लॉरिट्सने नेलं नाही. तिला इस्पितळातूनच परस्पर दफनभूमीत नेलं. चार वर्षांनी तोही तसाच गेला.

जाण्याआधी त्याने माझ्या वडिलांना जवळ बोलावलं.

“मी तुझ्या आईशी खोटं बोललो,” तो म्हणाला. “मलाही ऐकू आलं होतं. ‘बाबा, सगळे आत गेले. मी एकटीच राहिलेय.’ अगदी भिंतीला तोंड लावून म्हणाली. आणि मी माती थापली.”

गेल्या महिन्यात सुतार घर बघून गेला. म्हणाला, तिसऱ्या खणाखालचं लाकूड कुजलंय, भिंत दोन दिवस उघडी ठेवावी लागेल.

माझी नात आता रांगायला लागली आहे. सुताराला मी अजून हो म्हटलेलं नाही.

नाही असंही माझ्या तोंडून निघत नाही.