पुरानंतरचा अर्ज

"अर्ज तिच्या हातात देऊ नकोस!" दादा धाकट्या भावावर इतक्या जोरात ओरडला, की ओट्यापाशी उभ्या असलेल्या वहिनीच्या हातातलं पातेलं निसटता निसटता राहिलं.

न्याहारीच्या टेबलावर यंदाच्या पीक-अनुदानाचा अर्ज होता. ओढ्याकाठचं शेत वहिनीच्या नावावर, म्हणून सही तिचीच लागणार होती. तरी दादाने सगळा अर्ज स्वतः भरला, सहीपुरती जागा उघडी ठेवली आणि बाकीच्या मजकुरावर पंजा दाबून धरला... जणू त्याच्या घरात राहणारी ती बाई बायको नव्हे, चोर होती!

समोर बसलेल्या धाकट्याने हातातला घास परत ताटात ठेवला. त्याच अनुदान कार्यालयात तो पाहणी अधिकारी होता; लोकांच्या बांधावर उभं राहून कोणी पेरलं, कोणी नुसतंच लिहून दिलं, हे ठरवणारा!

सहा वर्षांपूर्वी ओढ्याला पूर आला आणि ते शेत पेरलंच गेलं नाही. वहिनी तेव्हा दवाखान्यात होती. पोटातलं मूल गेलं होतं, आणि दादा तिच्या उशाशी बसून होता. घरी एकट्या असलेल्या धाकट्याला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. अर्जाच्या अखेरच्या दिवशी त्याने सगळं शेत पेरलेलं दाखवलं आणि वहिनीची सही ठोकून दिली. वर्षभराने चौकशी आली, ती नेमकी त्याच्या नेमणुकीचं पत्र आलं त्याच आठवड्यात. वहिनीने त्याच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि चौकशीला आलेल्या साहेबांना शांतपणे म्हणाली, "सही माझीच आहे."

पाच वर्षांसाठी अनुदान बंद झालं. खोटे अर्ज करणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव कार्यालयाच्या फलकावर लागलं. दादा तिच्याशी कामापुरतं बोलू लागला... आणि धाकटा पाच वर्षं गप्प राहिला!

"एवढी सही कर आणि बाजूला हो," दादा म्हणाला. "या वेळी तरी घराची अब्रू राख."

वहिनी हात पुसत, मान खाली घालून पुढे आली. ते पाहून धाकट्याचं काळीज फाटलं.

"दादा, ती सही वहिनींची नव्हती... मी केली होती!"

"खोटं बोलतायत ते!" वहिनी कळवळून म्हणाली. "माझी दया येते म्हणून काहीतरी बोलतायत. भाऊजी, तुम्ही आधी खाऊन घ्या बघू!"

"त्या वेळच्या अर्जावरची तारीख आठव, दादा. पूर ओसरल्यानंतरचा तिसरा दिवस... तुम्ही दोघं कुठे होतात त्या दिवशी?"

दादाचा पंजा अर्जावरून आपोआप सरकला. त्या दिवशी त्याने स्वतः तिच्या ओठांना पाण्याचा पेला लावला होता. तिला हातसुद्धा उचलवत नव्हता! तो बघतच राहिला... तिच्याकडे नव्हे, जमिनीकडे.

धाकटा तसाच कार्यालयात गेला आणि लेखी कबुली साहेबांच्या हाती देऊन आला. दुपारपर्यंत त्याच्या निलंबनाचा आदेश निघाला. घरी परतला तेव्हा वहिनी मागच्या अंगणात बाकावर बसली होती.

"घालवलीत ना नोकरी?" तिने विचारलं.

"तुम्ही माझ्यासाठी एवढं सोसलंत, वहिनी, आणि मी..."

"मी काही देवी नाही, भाऊजी!" तिचा स्वर प्रथमच चिरकला. "तेव्हा बोलून गेले खरी, पण मग रोज वाटायचं, आज सांगतील... आज नाही तर उद्या! तुम्ही जेवायला बसलात की मी तुमच्या तोंडाकडे बघत राहायचे. पुढे पुढे बघणंच सोडून दिलं." आणि पाच वर्षांत न रडलेली ती माउली ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडू लागली.

धाकट्याला वाटलं होतं, कबुलीने ओझं उतरेल. ते आत्ता कुठे खरं जाणवू लागलं होतं!

मागून हाक आली. दादा दारात उभा होता. त्याने तिला नावाने हाक मारली होती. त्या घरात ते नाव कितीतरी वर्षांनी उमटलं होतं.

"मला बोलायला तोंड नाही गं..." तो पुटपुटला.

तिने डोळे पुसले. मग न वळताच ती बाकावर थोडी सरकली. दादा अवघडून टेकला. धाकटा उभाच होता.

"तुम्हीही बसा, भाऊजी," ती म्हणाली. "पण आज माझी कुणी माफी मागू नका."